राजाची तिरकी चाल



आपण आज जिथे जमलो आहोत, ते चामराजपेट 1892 साली वसले, चामराजेंद्र वोडेयारांच्या नावाने. त्यांना दत्तक घेणारे म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वोडेयार बुद्धिबळाचे मोठे शौकीन. एकाही घरात दुसऱ्यांदा पाय न ठेवता घोडा चौसष्ट घरे कसा फिरवावा, याच्या रचना त्यांनी केल्या. त्या राजांनी घोडा फिरवला. मी आज पटावरच्या राजाविषयी बोलणार आहे.

डाव सुरू झाला की आपण किल्लेकोट करून राजाला कोपऱ्यात बसवतो. पुढे वजीर, हत्ती, उंट, घोडे मारले जातात, नुसती प्यादी उरतात, आणि लपवून ठेवलेला हाच राजा पटावरचा सर्वांत कामाचा मोहरा ठरतो. तेव्हाही जो कोपरा सोडत नाही, तो बहुधा हरतो. आज पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांनो, तुमचा किल्लेकोट आजवर घरच्यांनी आणि गुरुजनांनी सांभाळला. आता बाहेर पडायचे आहे.

पण कसे? 1921 मध्ये बुद्धिबळपटू रिचर्ड रेतीने पटावरचे एक कोडे मांडले. पांढरा राजा एच-8 वर, त्याचे प्यादे सी-6 वर. काळा राजा ए-6 वर, प्यादे एच-5 वर. चाल पांढऱ्याची. काळे प्यादे वजीर व्हायला सुटले आहे आणि पांढरा राजा दोन चाली मागे आहे. त्याचे स्वतःचे प्यादे काळ्या राजाच्या तावडीत. बघणारा म्हणेल, डाव गेला.

राजा मात्र जी-7, एफ-6, ई-5 असा तिरका उतरतो. पटावर तिरकी वाट लांबची नसते: एच-8 वरून एच-2 ला सरळ जा, नाहीतर ई-5 वरून वळसा घालून जा, चाली सहाच. काळा राजा सी-6 चे प्यादे मारायला गेला, तर पांढरा एफ-4 वर येऊन पळते प्यादे गाठतो. काळ्याने प्यादेच पुढे दामटले, तर पांढरा डी-6 वर जातो आणि आपल्या प्याद्याचाही वजीर करतो. डाव बरोबरीत.

नीट ऐका: रेतीचा पांढरा जिंकत नाही, हरलेल्या डावातून अर्धा गुण वाचवतो. तुमच्यातल्या अनेकांना पुढे शिकायचे आहे आणि घरखर्चालाही हातभार लावायचा आहे. एकाच गोष्टीमागे सरळ धावलात, तर दुसरी जाईल आणि पहिलीही हाती लागेलच असे नाही. दोन्हींच्या जवळ नेणारी चाल दर वेळी सापडत नाही. ती शोधल्याशिवाय मात्र डाव सोडू नका.

आज घरी गेलात की ही चार मोहरी पटावर मांडा, आणि एकदा काळ्याच्या बाजूने जिंकून पाहा.