पन्नास पोती तांदूळ

(किनारपट्टीवरच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सकाळच्या सत्रात आपण खाडीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याबद्दल बोललो. मला दिलेला विषय आहे ‘तेल कंपन्या आणि लोकांचा राग’. विषय अवाढव्य आहे. अलास्कातला एक्सॉनचा तेलतवंग आहे, मेक्सिकोच्या आखातातला बीपीचा अपघात आहे. त्या सगळ्याची जंत्री मी देणार नाही. मी एकाच गावाबद्दल बोलणार आहे, कारण त्या गावाचं भांडण आपल्याला फार ओळखीचं वाटेल.

गावाचं नाव बोडो. आफ्रिकेत नायजेरिया देश आहे, त्याच्या दक्षिणेला नायजर नदी समुद्राला मिळते तिथं खाड्यांचं मोठं जाळं आहे. त्या भागात ओगोनी नावाचे लोक राहतात. बोडो हे त्यांचं खाडीकाठचं गाव. आजूबाजूला तिवराचं रान, भरतीचं पाणी आत येणारं, ओहोटीला चिखल उघडा पडणारा. पुरुष होडीतून मासेमारी करतात. बाया काय करतात? ओहोटीला चिखलात उतरतात आणि तिवराच्या मुळांशी चिकटलेले बारके शंखातले जीव वेचतात. आपल्याकडे बाया कालवं फोडतात, तिसऱ्या-खुबे काढतात, अगदी तसंच. शेतात कसावाचा कंद लावतात. आपण उपासाला जो साबुदाणा खातो तो याच कंदाचा. तिथं त्याचं भाजून पीठ करतात, त्याला गारी म्हणतात. ते त्यांचं रोजचं अन्न.

या गावाजवळून शेल कंपनीच्या तिथल्या तेव्हाच्या उपकंपनीची तेलवाहिनी जात होती. २००८ साली ती दोनदा फुटली. पहिली गळती गावकऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे २८ ऑगस्टला सुरू झाली. कंपनी म्हणते, आम्हाला ५ ऑक्टोबरला कळलं. ती बंद झाली ७ नोव्हेंबरला. जेमतेम महिना गेला आणि ७ डिसेंबरला दुसरी गळती सुरू झाली, ती २१ फेब्रुवारी २००९ पर्यंत चालू राहिली. म्हणजे घरात नळ फुटला तर आपण तासाभरात चावी बंद करायला धावतो, इथं अडीच-अडीच महिने तेल वाहत होतं. चिखल काळा झाला, तिवरं उभ्या उभ्या वाळली. सुमारे हजार हेक्टर खारफुटी गेली असं गावाच्या वकिलांनी मांडलं. दोन्ही गळत्या वाहिनीतल्याच बिघाडाने झाल्या, चोरीने नव्हे, हे पुढे कंपनीनेही कबूल केलं.

हे ‘चोरीने नव्हे’ फार महत्त्वाचं आहे. नायजेरियाच्या कायद्यात अशी तरतूद आहे की वाहिनी कुणी तोडली असेल, घातपात असेल, तर कंपनीने नुकसानभरपाई द्यायची नाही. आणि कारण काय, तेल किती सांडलं, हे ठरवायला जे पथक जातं त्यात कंपनीची माणसं असतात, सरकारी अधिकारी असतात, गावातले प्रतिनिधी असतात. आता वाहिनीची माहिती कुणाकडे? मोजायची यंत्रं कुणाकडे? गावात यायला होडी-गाडी कुणाची? सगळं कंपनीचं. आणि सरकार तरी तिऱ्हाईत आहे का? त्या तेलाच्या धंद्यात सरकारी तेल महामंडळाची अर्ध्याहून जास्त भागीदारी होती. फिर्यादी सोडून सगळे एका बाजूला.

तिथं तेलचोरी होत नाही असं मी म्हणत नाही. होते, मोठ्या प्रमाणावर होते. चोरलेलं तेल रानात भट्ट्या लावून उकळतात, त्यानेही खाड्या नासल्या आहेत. पण एका पापाच्या आड दुसरं लपवता येत नाही.

आता कंपनीचं उत्तर ऐका. मे २००९ मध्ये, दुसरी गळती थांबून दोन महिने उलटल्यावर, कंपनीची माणसं मदत घेऊन बोडोला आली. मदत काय होती? पन्नास पोती तांदूळ, पन्नास पोती कडधान्य, पन्नास पोती गारी, साखर, दुधाची पावडर, चहा, टोमॅटो यांची पन्नास-पन्नास खोकी आणि शेंगदाणा तेलाचे पन्नास डबे. हजारोंच्या वस्तीसाठी! शिवाय साडेतीन-चार हजार पौंड देऊ केल्याच्या बातम्या आल्या. एकेकाला नव्हे, सबंध गावाला. ज्या बायांच्या शेतात गारीचा कंद पिकत होता त्यांना गारीची पोती आणून दिली.

गावाच्या प्रमुखांनी हे आधी धुडकावलं. हा अपमान आहे, आम्हाला भिकारी समजता का, असं त्यांनी सुनावलं. नंतर वकिलांच्या सल्ल्याने ती मदत घेतली. यावर काही लोक नाक मुरडतात. आपण तरी मुरडू नये. दुष्काळात रेशनच्या रांगेत उभी राहिलेली बाई सरकारला माफ करून उभी राहत नाही. पोटाला घ्यायचं आणि भांडणही सोडायचं नाही, हे बायांना कुणी शिकवावं लागत नाही.

मग आकड्यांचा प्रश्न आला. कंपनीच्या पथकाच्या कागदावर पहिल्या गळतीचा आकडा होता १,६४० पिंपं. तेलाचं एक पिंप म्हणजे १५९ लिटर. गळती चालू असताना कुणीतरी चित्रीकरण केलेलं होतं. अॅम्नेस्टीने ते अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ संस्थेला दाखवलं. त्यांनी हिशेब केला : मिनिटाला एक ते तीन पिंपं तेल बाहेर पडतंय. आता हा हिशेब आपण इथं बसल्या बसल्या करू शकतो. दिवसाची मिनिटं १,४४०. मिनिटाला एकच पिंप धरलं तरी कंपनीचा सगळा आकडा भरायला सव्वा दिवसही लागत नाही. आणि गळती गावाच्या तारखांनी मोजली तर ७२ दिवस चालली. म्हणजे लाखाच्या वर पिंपं, जास्तीत जास्त तीन लाखांच्या वर. कंपनीच्या साठ पट, किंवा त्याच्याही तिप्पट!

गाव लंडनच्या न्यायालयात गेलं, कारण कंपनीचं मुख्य बिऱ्हाड युरोपात. तिथं कंपनीला कपाटातले कागद बाहेर काढावे लागले. त्यात २००२ सालचा एक अंतर्गत कागद निघाला. बहुतेक मोठ्या वाहिन्यांचं आयुष्य जवळजवळ संपलं आहे, काही ठिकाणी मोठा धोका आहे, असं त्यात लिहिलेलं होतं. सहा वर्षं आधी! आणि सांडलेल्या तेलाचा आपला आकडा कमी होता हे कंपनीने २०१४ मध्ये न्यायालयात मान्य केलं. पुन्हा सहा वर्षं, पण या वेळी नंतरची.

इथं मला १९९५ ची आठवण होते. त्या साली युरोपातल्या उत्तर समुद्रात शेल कंपनीला ब्रेंट स्पार नावाचा जुना तेलसाठ्याचा तराफा बुडवून टाकायचा होता. ग्रीनपीसचे कार्यकर्ते त्यावर जाऊन बसले. जर्मनीत लोकांनी शेलच्या पंपावर पेट्रोल घेणं बंद केलं. २० जूनला, दोन महिन्यांच्या आत, कंपनीने बेत रद्द केला. पुढे असं निघालं की त्या तराफ्यात किती तेल उरलंय याचा ग्रीनपीसचा आकडा फुगलेला होता. सप्टेंबरमध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली. आंदोलकांचा आकडा चुकला तर तीन महिन्यांत माफी. कंपनीचा चुकला तर सहा वर्षं, आणि तीही न्यायालयात खेचल्यावर.

आणि त्याच १९९५ च्या १० नोव्हेंबरला ओगोनींचे लेखक-नेते केन सारो-विवा आणि त्यांचे आठ साथी यांना नायजेरियाच्या लष्करी राजवटीने फाशी दिलं. त्यांचा गुन्हा काय? खुनाला चिथावणी दिल्याचा आरोप ठेवला होता, खटला लष्करी सरकारने नेमलेल्या खास न्यायाधिकरणापुढे. खरा राग होता तो ४ जानेवारी १९९३ चा. त्या दिवशी सुमारे तीन लाख ओगोनी रस्त्यावर उतरले होते. एकूण ओगोनी पाच लाखांच्या आसपास, त्यावरून कल्पना करा. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीला बियारा गावी शेलसाठी वाहिनी टाकणाऱ्या ठेकेदाराने उभ्या पिकात बुलडोझर घातले. शेतकरी, त्यात बाया पुष्कळ, आडवे झाले. सैनिकांनी गोळीबार केला. आपल्या नांगरलेल्या पिकासाठी रडत उभी असलेली एक बाई जखमी झाली, तिचा हात कापावा लागला. जर्मनीतल्या मोटारवाल्याचा राग दोन महिन्यांत पोचला. तिचा कुठं पोचला?

त्या नऊ जणांच्या विधवांपैकी काहींनी हा प्रश्न सोडला नाही. एस्थर किओबेल यांनी २००२ मध्ये अमेरिकेत दावा लावला. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हे परदेशात घडलं, आमच्या कायद्यात बसत नाही. मग त्या आणखी तीन विधवांबरोबर हेगच्या न्यायालयात गेल्या. २०१९ मध्ये न्यायालयाने दावा ऐकण्याजोगा ठरवला, २०२२ मध्ये पुरावा पुरेसा नाही म्हणून फेटाळला. कंपनीने आरोप पहिल्यापासून नाकारले आहेत. जून २०२५ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या नऊ जणांना मरणोत्तर माफी दिली. आता माफी कुणाला द्यायची असते? ज्याने गुन्हा केला त्याला! निर्दोष म्हणा, माफी नको, असं अनेकांनी तेव्हाच बजावलं.

बोडोकडे परत येते. जानेवारी २०१५ मध्ये तडजोड झाली. पन्नास पोती तांदळापासून सुरू झालेली गोष्ट साडेपाच कोटी पौंडांवर आली. त्यातले साडेतीन कोटी १५,६०० दावेदारांना, म्हणजे सरासरी माणशी २,२०० पौंडांच्या वर. उरलेले दोन कोटी सबंध गावासाठी. हा विजयच आहे, त्याला कमी लेखायचं नाही. पण जगभरच्या वर्तमानपत्रांनी मथळे काय दिले? ‘पंधरा हजार मच्छीमारांना भरपाई’. मच्छीमार म्हटल्यावर डोळ्यांपुढे कोण येतं? होडीतला, जाळं टाकणारा पुरुष. होडी गेली की होडीची किंमत सांगता येते, जाळ्याची पावती असते. चिखलात वाकून टोपलीभर शंख वेचणाऱ्या बाईकडे काय असतं? टोपली असते. त्यातले निम्मे घरच्या कालवणात गेलेले असतात, निम्मे बाजारात रोख विकलेले. तिच्या कामाचा कागदच नाही, मग तिचं नुकसान कागदावर येणार कसं?

पाण्याचंही तेच. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ओगोनी प्रदेशाची तपासणी करून अहवाल दिला. एका वस्तीत विहिरींच्या पाण्यात बेंझीन हे कर्करोगकारक रसायन आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त सापडलं. तिथून जवळची वाहिनी सरकारी तेल महामंडळाची होती, हेही सांगायला हवं. शेलने ‘साफ केल्या’ म्हणून सांगितलेल्या अनेक जागा त्या अहवालात साफ निघाल्या नाहीत. सगळा प्रदेश पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षं लागतील, सुरुवातीच्या पाच वर्षांसाठीच १०० कोटी डॉलर हवेत, असं अहवालाने म्हटलं. बेंझीनचं पाणी कोण भरतं, कोण त्यात तांदूळ शिजवतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या पाण्याला वास येतो. बाई तो वास ओळखते, पण दुसरी विहीर नसते.

मार्च २०२५ मध्ये शेलने नायजेरियातला जमिनीवरचा धंदा दुसऱ्या कंपनीला विकून टाकला. घर विकून मालक गेला, मोरीतला घाण पाण्याचा लोंढा शेजाऱ्याच्या दारात तसाच. पण जून २०२५ मध्ये लंडनच्या न्यायालयाने बिले आणि ओगाले या दोन गावांच्या दाव्यात असं ठरवलं की जुन्या प्रदूषणाबद्दलही कंपनीवर दावा चालू शकतो. न साफ केलेलं तेल पडून आहे तोवर तक्रारही जिवंत आहे, असा त्याचा अर्थ.

कुणी म्हणेल, हे दूरचं. तेवढंही दूर नाही. २०१४ च्या सुमाराला नायजेरियाच्या कच्च्या तेलाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक भारत होता. आणि आपल्या दारातलं म्हणाल तर ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर ‘चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं आदळली, शेकडो टन तेल सांडलं, ते रायगडच्या तिवरांपर्यंत आलं. मासे खाऊ नका असं लोकांना सांगितलं गेलं. त्या दिवसांत बाजारात पाटी घेऊन बसलेल्या कोळणीचा किती धंदा बुडाला, खाडीत निवट्या-कालवं काढणाऱ्या बाईचे किती दिवस गेले? कोणत्या वहीत आहे ते?

तेल सांडल्यावर मोजायला बसलं तर उशीर झालेला असतो. म्हणून आज दुपारी आपण जो तक्ता भरणार आहोत तो नीट समजून घ्या. गावातली कोण कोण बाई खाडीत उतरते, उधाणाला किती दिवस जाते, भांगाला किती, काय काय काढते, किती टोपल्या, किती घरी खाल्लं, किती विकलं आणि कुठल्या बाजारात. घरी खाल्लेलंही लिहायचं, ते सोडू नका. गेल्या वेळी दोन गावांच्या कागदांवर ‘अमक्याची पत्नी’ असं लिहून आलं होतं. बाईचं स्वतःचं नाव लिहायचं, आणि सही किंवा अंगठा तिचाच घ्यायचा. कोरे कागद मागच्या टेबलावर ठेवले आहेत. जेवायला अजून वीस मिनिटं आहेत, तोवर प्रश्न विचारा.