नसांच्या निरनिराळ्या वाटा



कंबरदुखी, पायात उतरणारी कळ, मांडीला येणारी बधिरता या तक्रारी आज घरोघरी ऐकू येतात. ‘नस दबली’ असे आपण सहज म्हणतो. पण ती नस कोणती आणि सर्वांच्या शरीरात ती एकाच मार्गाने जाते काय, याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः दोन माणसांचे चेहरे जसे सारखे नसतात, तशा त्यांच्या नसांच्या वाटाही सारख्या नसतात. एकाच व्यक्तीच्या उजव्या व डाव्या अंगातही कधी कधी फरक आढळतो.

कमरेच्या मणक्यांतून दोन्ही बाजूंना नसांची मुळे बाहेर पडतात व त्यांच्या गुंफणीतून मांडीच्या नसा तयार होतात. शरीरातील सर्वांत जाड नस म्हणजे सायटिक. बहुतेकांच्या नितंबात ती पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूखालून अखंड बाहेर येते आणि मांडीतून उतरल्यावर दुभंगते. काहींमध्ये मात्र ती नितंबातच दुभंगलेली असते; एक शाखा स्नायूला भेदून जाते, तर दुसरी त्याच्या खालून. बीटन आणि ॲन्सन या शास्त्रज्ञांनी १९३७ साली अशा सहा प्रकारांचे वर्गीकरण मांडले.

२०१० साली सहा हजारांहून अधिक विच्छेदनांच्या नोंदींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात असे वेगळेपण सुमारे १७ टक्के आढळले. या स्नायूमुळे नस दबते म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांतही ते प्रमाण सुमारे १६ टक्केच होते. केवळ वेगळेपणामुळे दुखणे जडत असते, तर रुग्णांत हा आकडा बराच मोठा दिसला असता. तात्पर्य, वेगळेपण म्हणजे रोग नव्हे. तपासणीच्या अहवालात असा शब्द वाचून कोणी घाबरून जाऊ नये.

तथापि काही ठिकाणी या वेगळेपणाला महत्त्व येते. मांडीच्या बाहेरील त्वचेला संवेदना देणारी एक बारीक नस जांघेजवळून, कमरेच्या पुढील हाडाच्या टोकालगत उतरते. १९९७ सालच्या १०४ विच्छेदनांच्या अभ्यासात तिच्या पाच निरनिराळ्या वाटा आढळल्या. थोड्यांमध्ये तर ती थेट हाडाच्या कडेवरून जाते. घट्ट पट्टा, आवळ वस्त्र, वाढलेले पोट किंवा गर्भावस्था यांमुळे ती दबली, की मांडीच्या बाहेरील बाजूस आग होते व मुंग्या येतात. बर्नहार्ट या जर्मन वैद्याने १८७८ साली या विकाराचे वर्णन केले. पुढे त्यास ‘मेराल्जिया पॅरेस्थेटिका’ हे नाव मिळाले. ही नस केवळ संवेदनेची असल्याने पायातील शक्ती कमी होत नाही. पुष्कळांना पट्टा सैल केल्याने व वजन उतरवल्याने आराम पडतो. मात्र हे ठाऊक नसल्यास दोष मणक्यावर जातो आणि रुग्ण व्यर्थ चिंता व खर्च सोसत राहतो.

नितंबात इंजेक्शन द्यावयाचे असल्यास ते वरच्या बाहेरील भागातच द्यावे, हा नियमही सायटिक नसेला इजा होऊ नये म्हणूनच आहे. अप्रशिक्षित हाताकडून इंजेक्शन घेणे कटाक्षाने टाळावे. पायातील शक्ती कमी होऊ लागली, गुप्तांगाभोवती बधिरता आली किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर घरगुती उपायांत एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे.

बंधू-भगिनींनो, हे ज्ञान मुख्यतः मृतदेहांच्या विच्छेदनातून हाती आले आहे. पुस्तकातील चित्र एकच असते. प्रत्यक्ष देह मात्र अनेक तऱ्हांचे असतात. भावी डॉक्टरांना ते भेद दाखवणाऱ्या देहदात्यांचे ऋण आपण कृतज्ञतेने स्मरावे. आणि शेजाऱ्याला लागू पडलेला उपचार आपल्यालाही लागू पडेल असे गृहीत न धरता, आपल्या देहाची तपासणी करूनच उपचार घ्यावा, एवढी विनंती करून हे व्याख्यान येथे पूर्ण होते.