गाठ साधी आहे, मग ताट रिकामं का?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय जरा संकोचाचा आहे. छातीतल्या गाठीचा आणि छाती दुखण्याचा. पण आज मी कॅन्सरच्या गाठीबद्दल बोलणार नाही. ज्यांची तपासणी झाली आहे आणि ज्यांना डॉक्टरांनी "ही साधी गाठ आहे, घाबरू नका" असं सांगितलं आहे, त्यांच्या जेवणाबद्दल बोलणार आहे.

खरा घोळ सुरू होतो तो रिपोर्ट घेऊन घरी आल्यावर. सासूबाई सांगतात, मासळी उष्ण, ती बंद कर. शेजारीण म्हणते, नारळ सोड. कोणी दूध बंद करायला सांगतं, कोणी वांगं, कोणी अंडं. आपल्या अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात जेवण म्हणजे बांगडा, मांदेली, नारळाचं वाटण आणि भात. यातलं सगळं काढून घेतलं की ताटात उरतो भात आणि पातळ वरण. गाठ असते तिथेच राहते आणि बाई मात्र खंगत जाते.

म्हणून आधी ही गाठ असते काय, ते समजून घेऊ. साधारण १५ ते ३५ वर्षांच्या मुलींमध्ये आणि बायकांमध्ये जी गुळगुळीत, रबरासारखी, बोटाखाली इकडे तिकडे सरकणारी गाठ सापडते, तिला फायब्रोअॅडिनोमा म्हणतात. चाळिशीच्या आसपास काहींना पाण्याने भरलेल्या गाठी होतात. काहींची छाती पाळीच्या आधी आठवडाभर जड होते, ठणकते, हाताला गठळ्या लागतात आणि पाळी सुरू झाली की हलकं वाटतं. याला डॉक्टर फायब्रोसिस्टिक बदल म्हणतात. यामागे मुख्यतः आपल्या शरीरातल्या संप्रेरकांची, म्हणजे हार्मोन्सची, दर महिन्याची चढउतार असते. मासळी खाल्ली म्हणून गाठ झाली, असं होत नाही. आणि मासळी सोडली म्हणून ती विरघळत नाही. आपल्या पांढऱ्या कांद्याची चव गोड, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण गाठ विरघळवायचा गुण त्यातही नाही.

मग खाण्याचा काहीच संबंध नाही का? थोडा आहे, आणि तो गाठीपेक्षा दुखण्याशी जास्त आहे. १९८८ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात, पाळीच्या आधी छाती खूप दुखणाऱ्या काही बायकांना सहा महिने अगदी कमी तेलातुपाचं जेवण दिलं. त्यांचं दुखणं आणि सूज कमी झाली. अभ्यास लहान होता, जेमतेम वीस-एकवीस बायकांचा, आणि इतकं कोरडं जेवण घरात रोज निभत नाही. पण तेलाचा हात थोडा आवरायला काय हरकत आहे? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात साधारण २००० कॅलरीच्या आहाराला दिवसाचं वरून घातलेलं तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. मासे रोज तळण्याऐवजी आठवड्यातून एखाद दिवशी तळा, बाकी दिवशी तिखलं करा, कालवण करा. नारळ बंद नको, पण वाटण जरा कमी घ्या. तिरफळ, आमसूल, आलं-लसूण असलं की चव कुठे जात नाही.

दुसरं मीठ. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढंच मीठ माणसाला पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे ते भाजीतून कमी आणि बाजूने जास्त येतं: पोह्याचे पापड, मिरगुंड, लोणचं, खारवलेली मासळी. दोरीवर उन्हात वाळलेला बोंबील बहुतेक वेळा बिनमिठाचा असतो, पण मिठात मुरवलेले खारे मासे वेगळे. ते शिजवण्याआधी दोन पाण्यांत भिजवून ते पाणी टाकून द्या आणि कालवणात वरून मीठ घालू नका. मीठ कमी केल्याने प्रत्येकीचंच दुखणं कमी होतं असं मी म्हणणार नाही, पण रक्तदाबासाठी तर फायदा आहेच. एक मात्र लक्षात ठेवा. मिठागराचं जाडं मीठ स्वस्त पडतं, पण त्यात वरून आयोडीन घातलेलं नसतं. रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच वापरा, कमी वापरा. आणि कोणी सांगितलं म्हणून गाठीसाठी आयोडीनच्या गोळ्या घेऊ नका. थायरॉइड बिघडू शकतं.

तिसरं चहा-कॉफी. १९७९ च्या सुमारास अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी सांगितलं की चहा, कॉफी, चॉकलेट सोडलं की गाठी कमी होतात. ही गोष्ट जगभर पसरली. पुढे जास्त काळजीपूर्वक तपासून पाहिलं तेव्हा तसा ठोस संबंध सापडला नाही. तरी एखादीला वाटत असेल की आपल्याला चहाने त्रास होतो, तर दोन पाळ्यांपुरता चहा निम्म्यावर आणून बघा. फरक पडला तर उत्तम. नाही पडला तर निवांत चहा प्या, फक्त साखर बेताची.

आता ताटात काय असावं ते सांगते. बांगडा, तारली, मांदेली जरूर खा. महागडी सुरमई-पापलेटच हवी असं नाही. बांगड्यात, तारलीत चांगली चरबी आणि प्रथिनं दोन्ही भरपूर. मासे न खाणाऱ्यांनी वाल, कुळीथ, मूग, हरभरा यांपैकी काहीतरी दोन्ही वेळच्या जेवणात ठेवावं. कडव्या वालांची उसळ, कुळथाचं पिठलं, ताक. थंडीत शेतावर पोपटी लागली की वालाच्या शेंगा आणि अंडी भांबुर्डीच्या पाल्यात तेलाशिवायच शिजतात. मिठाची मूठ सैल सोडू नका एवढंच. माठ, अळू, शेवग्याचा पाला, पावसात टाकळा, अशी एक तरी पालेभाजी रोज. तांदळाच्या भाकरीच्या जोडीला आठवड्यातून तीन-चार वेळा नाचणीची भाकरी. जवसाची चटणी आवडत असेल तर चमचाभर घ्या; काही छोट्या अभ्यासांत जवसाने पाळीआधीचं दुखणं थोडं कमी झालेलं दिसलं आहे. गरोदर असाल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

गाठी विरघळवणारी पावडर, काढा, डबा यांवर पैसे घालू नका. ईव्हनिंग प्रिमरोझ नावाच्या तेलाच्या गोळ्या अजून पुष्कळ जणी घेतात. चांगल्या चाचण्यांत त्या साध्या बनावट गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. त्या पैशांत महिनाभराची अंडी येतील. नीट मापाची, आधार देणारी ब्रेसियर घातली तर त्यांच्याहून जास्त आराम पडतो.

आणखी एक सोपं काम. भिंतीवरच्या कालनिर्णयवर आपण दुधाचा हिशेब लिहितो. त्याच चौकटीत ज्या दिवशी छाती दुखली त्या दिवशी एक फुली मारा, जास्त दुखली तर दोन. पाळीचा दिवस गोल करा. दोन-तीन महिन्यांत कळेल की दुखणं पाळीबरोबर येतं-जातं की नाही. डॉक्टरांना ते पान दाखवा, त्यांचं निम्मं काम होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पथ्य म्हणजे तपासणी नव्हे. "आधी दोन महिने मासळी सोडून बघते, मग जाते," असं म्हणू नका. नवी गाठ लागली, असलेली गाठ वाढली, कडक झाली, बोंड आत ओढलं गेलं, बोंडातून रक्त आलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसली, काखेत गाठ आली, तर त्याच आठवड्यात दाखवा. आणि साध्या गाठीसाठी पुन्हा बोलावलेली तारीख चुकवू नका.

लाजण्यासारखं यात काही नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाखांहून जास्त बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांची छाती दर दोन वर्षांनी, चार वेळा, हाताने तपासली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर प्रशिक्षण दिलेल्या, आपल्यासारख्याच शिकलेल्या आरोग्यसेविका होत्या. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते. हाताच्या साध्या तपासणीने एवढं होतं. ३० वर्षांपुढच्या बायकांसाठी ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात आहे. तुमच्या आशाताईंना दिवस विचारा. पुढची तपासणी लागली तर अलिबागचं जिल्हा रुग्णालय आहे, आणि टाटाचं खारघरचं केंद्र तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, रिपोर्टमध्ये गाठ साधी आली असेल तर घरी या, हातपाय धुवा आणि सगळ्यांबरोबर पोटभर जेवायला बसा. तेल-मीठ जरा कमी, भाजी जरा जास्त, आणि बांगड्याचा तुकडा शेवटी उरलाच तर खायचा असं नाही, पहिल्या वाढणीत स्वतःच्या ताटात घ्या.