पिपांतील व्हिस्की आणि बाहेरचें जग

आज गाळलेली व्हिस्की आज विकतां येत नाहीं. आयर्लंडच्या कायद्यानें ती निदान ३ वर्षें लांकडी पिपांत मुरावी लागते. तेवढ्या अवधींत बाहेरचें जग पालटलें तर?

१८३० सालीं आयरिश गृहस्थ ईनियस कॉफी यानें अखंड चालणाऱ्या भट्टीचें पेटंट घेतलें. डब्लिनचे बडे कारखानदार तिच्या सौम्य मद्यास नाकें मुरडीत राहिले. स्कॉटलंडनें मात्र त्याच्याच मिश्रणानें लोकांची रुचि जिंकली. १९२० सालीं अमेरिकेंत दारूबंदी आली. १९३२ ते १९३८ या काळांत आयर्लंडचें ब्रिटनशीं जकातीचें युद्ध चाललें. मध्यंतरीं, १९३३ सालीं अमेरिकेंतील बंदी उठली. पण पुरेसा मुरलेला माल आयर्लंडपाशीं नव्हता. ती पेठ स्कॉच व्यापाऱ्यांनीं काबीज केली. १९७६ सालीं डब्लिनची अखेरची जुनी भट्टीही विझली. नवी पेटावयास २०१५ साल उजाडलें.

२०२५ सालीं अमेरिकेनें युरोपीय मालावर जकात वाढविली. त्याच वर्षीं मिडल्टनच्या मोठ्या कारखान्यानें कांहीं महिने भट्ट्या बंद ठेवल्या. जकात एका सहीनें बसते वा उठते. रुचि हळूहळू फिरते. पिपाला मात्र घाई करतां येत नाहीं, आणि त्या विलंबाचें मोल जव पिकविणाऱ्या शेतकऱ्यास व पिपें बांधणाऱ्या कारागिरासही द्यावें लागतें.