देशांतर : उज्जयिनी ते न्यूयॉर्क

उज्जैन ही १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी होती. त्या काळापासून तेथे नांदणाऱ्या मराठी घरांपुढे आज एक नवीच अडचण उभी राहते. मुलगा न्यूयॉर्कला असतो. आजोबांच्या श्राद्धाची तिथी त्याने कोणत्या दिवशी धरावयाची? उज्जैनच्या की तेथल्या?

प्रवासाचा हिशेब वरवर सोपा आहे. इंदूरचा विमानतळ उज्जैनपासून सुमारे ५५ किलोमीटरांवर. पुढे मुंबईहून न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात. परंतु हिवाळ्यात रात्री एक वाजता निघालेला प्रवासी सोळा तासांनी उतरतो, तेव्हा तेथल्या भिंतीवरच्या घड्याळात त्याच दिवसाचे सकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. मग साडेदहा तास गेले कोठे? ते कोठेच गेले नाहीत. प्रवाशाने केवळ अंतर तोडले नाही, देशांतर तोडले.

हा शब्द उज्जयिनीचाच म्हणावा लागेल. सूर्यसिद्धांताने लंकेपासून मेरूपर्यंत जी मध्यरेषा मानली, ती अवंतीवरून जाते. या रेषेच्या पूर्वेस वा पश्चिमेस असलेल्या गावाला गणितात कालाचा संस्कार द्यावा लागे, तोच देशांतरसंस्कार. त्याची परीक्षा चंद्रग्रहणाने होई. ग्रहण सर्वांना एकाच क्षणी लागते; परंतु त्या क्षणी पूर्वेकडील गावी रात्र अधिक सरलेली असते आणि पश्चिमेकडे कमी. या फरकावरून गाव रेषेपासून किती दूर, हे कळे. साठ घटकांत पृथ्वीचा एक फेरा. म्हणजे एका अंशास आजच्या मापाने चार मिनिटे. उज्जैन पूर्व रेखांश ७५ अंश ४६ कलांवर आहे, तर न्यूयॉर्क पश्चिमेस सुमारे ७४ अंशांवर. अंतर जवळजवळ १५० अंशांचे, म्हणजे दहा तासांचे. राहिलेला अर्धा तास प्रमाणवेळेचा. भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून ८२॥ अंशांच्या रेषेची असल्याने उज्जैनचे घड्याळ तेथल्या सूर्याच्या सुमारे २७ मिनिटे पुढे धावते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यामधील बारा अंशांचे अंतर. तीही ग्रहणाप्रमाणेच जगभर एकाच क्षणी लागते. समजा, हिवाळ्यात सोमवारी रात्री आठ वाजता उज्जैनला तिथी लागली आणि मंगळवारी रात्री आठला संपली. श्राद्धास अपराह्णकाल हवा. तेव्हा उज्जैनला श्राद्ध मंगळवारी. परंतु न्यूयॉर्कला तीच तिथी सोमवारी सकाळी साडेनऊला लागते आणि मंगळवारी सकाळी साडेनऊलाच संपते. तेथे अपराह्णी ती तिथी सोमवारीच मिळते.

म्हणून उज्जैनचे पंचांग उघडून मुलाला वार कळविणाऱ्या आईने तिथी कळवावी, वार तेथल्या सूर्यावर सोडावा. मुलाने एक दिवस आधी पिंड ठेवला, तर ती चूक नव्हे. दोन्ही घरांनी एकच तिथी पाळली, इतकेच.