तंतुमय आहार आणि आतड्याचे संरक्षण



धान्याचा कोंडा, डाळीचे साल हा अन्नातील निरुपयोगी भाग होय, असा समज दीर्घकाळ होता. माणसाच्या पाचकरसांना हे तंतू पचविता येत नाहीत, हे खरे. परंतु मोठ्या आतड्यात असंख्य जीवाणूंची वस्ती असते आणि त्यांचे अन्न हेच आहे. तंतू आंबवून हे जीवाणू काही मेदाम्ले निर्माण करतात. त्यांपैकी ब्युटिरेट आतड्याच्या अस्तरातील पेशींना ऊर्जा पुरविते. या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो. रोगजंतूंना पेशींपासून दूर ठेवणारी ती पहिली तटबंदी होय.

तंतू न मिळाल्यास काय घडते, याचा उलगडा २०१६ मध्ये 'सेल' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने केला. हा अभ्यास मानवी आतड्यातील १४ जातींचे जीवाणू वसविलेल्या उंदरांवरील होता. तंतुविरहित आहार मिळताच जीवाणूंनी श्लेष्माचा थरच खाण्यास प्रारंभ केला. तो पातळ झाला आणि 'सिट्रोबॅक्टर रोडेन्शियम' या रोगजंतूने जीवघेणा आतड्याचा दाह उत्पन्न केला. तंतू एक दिवसाआड मिळाले, तरीही थराची झीज झालीच. उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तथापि तंतूंचे सेवन नित्याचे असावे, ही दिशा त्यातून स्पष्ट होते.

प्रौढ व्यक्तीने दररोज किमान २५ ग्रॅम तंतू घ्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची शिफारस आहे. कंदमुळे वर्ज्य असली, तरी ही गरज भागू शकते. ज्वारी-बाजरीची भाकरी, न चाळलेल्या कणकेची पोळी, गवार, दोडका, पेरू हे सर्व उपयुक्त आहेत. तिथीला हिरवी भाजी नसते, त्या दिवशी अख्खे मूग, हरभरे, वाल यांनी ताटातील उणीव भरून काढावी. मैद्याचे पदार्थ व बिस्किटे मात्र ही उणीव वाढवितात.

तंतूंचे प्रमाण हळूहळू वाढवावे व पाणी पुरेसे प्यावे. एकदम वाढविल्यास पोट फुगते. आतड्याचा विकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा. तंतुमय आहार हा संसर्गावरील औषधोपचार नव्हे. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनी आणि वेळेवर उपचार अनिवार्यच आहेत. परंतु निरोगी दिवसांत कोंडा व साल न टाकणारे स्वयंपाकघर कुटुंबाच्या आरोग्याची राखण करीत असते.