मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा
(माजरी येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या सभेत दिलेले भाषण)



पोलिसाच्या गोळीने माणूस मेला, तर त्या मृत्यूचा जाब कोणी, कोणाला आणि कोणत्या रीतीने विचारावा, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. आताच आपण त्रिशरण-पंचशील घेतले. त्यानंतर लगेच हा कोर्टकचेरीचा विषय कशाला, अशी शंका तुमच्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती शंका रास्त आहे. म्हणून प्रथम तिचेच उत्तर देतो.

पंचशीलातील पहिले शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. हे शील ज्याने घेतले त्याने बंदूकधारी शिपायाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? पोलिसाने शस्त्र कधी उचलूच नये, असे त्याने म्हणावे काय? की अंगावर खाकी पोशाख असला म्हणजे सर्व काही माफ, असे म्हणावे? परमपूज्य बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ प्रकाशित झाला. त्यात बाबासाहेबांनी या प्रश्नाचा उलगडा केलेला आहे. मारण्याची गरज ही एक गोष्ट आणि मारण्याची इच्छा ही दुसरी गोष्ट, हा भेद त्यांनी आपल्यासमोर ठेवला. तथागतांनी निषेध केला तो इच्छेचा. दुसऱ्याचा जीव वाचविण्यास अन्य उपायच उरला नाही, अशा वेळी हात बांधून बसा, असे त्यांनी सांगितले नाही.

हा भेद मान्य केला की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. एखाद्या प्रसंगी गरज होती की इच्छा होती, हे ठरवावयाचे कोणी? ज्याने गोळी झाडली तो गरज होती असेच म्हणणार. ज्याला ती लागली तो बोलावयास उरलेला नाही. म्हणून या दोघांहून वेगळा असा तिसरा कोणीतरी पाहिजे, जो जागा पाहील, साक्षी घेईल, प्रेत तपासवील आणि मग सांगेल. पोलिसांना जाब विचारणे म्हणजे पोलिसांशी वैर करणे नव्हे. गरज आणि इच्छा यांची निवड करण्याची ती रीत आहे, आणि ती रीत जेथे बंद पडली तेथे पहिले शील केवळ तोंडाने म्हणावयाचे राहिले, असे समजावे.

माजरीच्या लोकांना ही रीत समजावून सांगण्याची वास्तविक जरुरी नाही. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरातील माणूस खदानीत पाळीवर जातो. खदानीत अपघात होऊन कामगार मेला, तर काय करावे, हे १९५२ च्या खाण अधिनियमाने ठरवून दिले. अपघाताची सूचना ताबडतोब द्यावी, अपघाताची जागा हलवू नये आणि खाण सुरक्षेच्या अधिकाऱ्याने बाहेरून येऊन चौकशी करावी, अशी ती व्यवस्था होती. खदानीच्या व्यवस्थापकाने स्वतःच चौकशी करावी आणि स्वतःच स्वतःला निर्दोष ठरवावे, ही गोष्ट तुम्ही कधी मान्य केली असती काय? जो न्याय कोळशाच्या खदानीला तोच न्याय पोलीस ठाण्याला लावा, एवढेच आपले म्हणणे आहे.

असा तिसरा माणूस आला, पण त्याच्या म्हणण्याची अंमलबजावणी रखडली, तर काय होते, हे आपल्या समाजाने स्वतःच्या रक्ताने पाहिलेले आहे. ११ जुलै १९९७ च्या सकाळी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक संतापाने महामार्गावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा माणसे ठार झाली, सव्वीस जखमी झाली. जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता, म्हणून गोळी झाडणे भाग पडले, असा बचाव मांडण्यात आला. म्हणजे दावा गरजेचाच होता. न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या आयोगाने हा दावा तपासला, तो स्वीकारला नाही, आणि गोळीबार समर्थनीय नव्हता असा अहवाल १९९८ साली दिला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आयोगाचा अहवाल म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. आयोग दोष दाखवितो. शिक्षा देण्याचा अधिकार त्याला नसतो. तुकडीच्या प्रमुख उपनिरीक्षकाला सदोष मनुष्यवधाबद्दल सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती मे २००९ मध्ये, म्हणजे जवळजवळ बारा वर्षांनंतर. आणि त्यानंतर उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. बारा वर्षांत तान्हे मूल शाळेत जाऊन मोठे होते. ज्या आईने आपला मुलगा गमावला तिला एवढा काळ ‘थांब’ म्हणून सांगणे हा दुसरा अन्याय होय.

तेव्हा कायदा काय म्हणतो हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असले पाहिजे. राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने जीविताचे संरक्षण प्रत्येक व्यक्तीला दिले आहे. चांगल्या व्यक्तीला दिले आहे, असे तेथे लिहिलेले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये अटक करताना बळ वापरण्याची मुभा आहे. परंतु ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला अटक करताना ठार मारण्याचा अधिकार हे कलम देत नाही. कलम १९६ प्रमाणे कोठडीतील मृत्यूची दंडाधिकाऱ्याकडून चौकशी व्हावी लागते. सरकारी नोकरावर कर्तव्याच्या ओघात घडलेल्या कृत्याबद्दल खटला चालविण्यास सरकारची मंजुरी लागते, हा जुना अडसर कलम २१८ मध्ये कायम आहे. तथापि सरकारने १२० दिवसांत निर्णय न घेतल्यास मंजुरी मिळाली असे समजावे, ही नवी तरतूद तेथेच आहे. हे आकडे पाठ करा. अर्ज लिहिताना ते उपयोगी पडतात.

याहून महत्त्वाचा आहे तो सर्वोच्च न्यायालयाचा २३ सप्टेंबर २०१४ चा निर्णय. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात सुमारे ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली, त्यासंबंधी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना महाराष्ट्र राज्याविरुद्ध न्यायालयात गेली होती. त्या निर्णयाने देशातील सर्व पोलिसांना नियम घालून दिले. चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवावा. तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा. शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयातील दोन डॉक्टरांनी करावे आणि त्याचे चित्रीकरण व्हावे. झाडलेली शस्त्रे तपासणीस द्यावीत. मृताच्या नातलगांना लवकरात लवकर कळवावे. दंडाधिकाऱ्याची चौकशी व्हावी. शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत पदके आणि बढत्या देऊ नयेत. आणि नियम मोडल्यास कुटुंबाला सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता यावी. हे नियम कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाहीत. घटनेच्या १४१ व्या अनुच्छेदाप्रमाणे तो देशाचा कायदा आहे.

आपल्या या मुलखाकडेही पाहू. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत गडचिरोली हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. तेथील जंगलात कित्येक वर्षे बंदुकांचा संघर्ष चालला. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ सतरा पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ सुरुंगाने पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाला. ते शिपाई गरिबांचीच मुले होती, त्यांत आपल्याही घरांतील आणि आदिवासी बांधवांच्या घरांतील होती. त्यांच्या मृत्यूचे दुःख ज्याला होत नाही त्याला करुणा शिकविण्याचा अधिकार नाही. परंतु याच जिल्ह्यात एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरियाच्या चकमकीनंतर इंद्रावतीकाठी तीसहून अधिक मृतदेह मिळाले. हे सर्व नक्षलवादी होते, असे पोलिसांनी सांगितले. गट्टेपल्ली गावची काही कुटुंबे म्हणाली, आमची मुले लग्नाला म्हणून घरून निघाली होती. या दोहोंपैकी खरे कोणते, हे मी या व्यासपीठावरून ठरविणार नाही. ते ठरविण्यासाठीच बाहेरचा, निःपक्ष तपास हवा असतो. पोलीस खरे बोलत असतील तर असा तपास त्यांच्याच नावाला उजाळा देईल.

पोलिसांविरुद्ध दाद मागून काय निष्पन्न होणार, असे हताशपणे म्हणणारे लोक आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना मी याच मुलखातील एक प्रकरण सांगतो. १९७२ साली, त्या काळी चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पुन्हा सोडले. १९७९ साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अशा गुन्ह्यात ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने ते गृहीत धरावे आणि उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असावा, असे ठरले. त्या मुलीला न्याय मिळाला नाही. पण तिच्यामागून आलेल्यांना कायद्याचा आधार मिळाला.

दुसरे उदाहरण मुंबईचे. नोव्हेंबर २००६ मध्ये वर्सोव्याला एक मनुष्य चकमकीत मारला गेला, असे पोलिसांनी जाहीर केले. त्याचा भाऊ वकील होता. आपल्या भावाला उचलून नेले आहे, हे कळताच त्याने त्याच दिवशी, चकमकीची वार्ता येण्यापूर्वीच, अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठविले. त्या कागदांवरील वेळेनेच चकमकीची गोष्ट खोटी पाडण्यास मोठे साहाय्य केले. २०१३ साली पोलिसांना जन्मठेप झाली आणि २०२४ साली उच्च न्यायालयाने, खाली सुटलेल्या प्रमुख अधिकाऱ्यालाही दोषी ठरविले. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि त्यानंतरच्या धरपकडीतील एक तरुण, कायद्याचा विद्यार्थी, न्यायालयीन कोठडीत मरण पावला. तेथेही आईने दाद मागितली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

आता एक कठीण गोष्ट सांगतो. आपला माणूस मेला की आपण चौकशी मागतो. परंतु नीच गुन्ह्याचा आरोपी मारला गेला की आपल्यातीलच काही लोक टाळ्या वाजवितात. बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला मनुष्य सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गाडीत गोळीने मेला, तेव्हा पुष्कळांना न्याय झाला असे वाटले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्याच्या चौकशीत मात्र ते बळ समर्थनीय नव्हते असा निष्कर्ष निघाला. त्या मुलींचा संताप मला कळतो. परंतु खटला होण्यापूर्वीच आरोपी मेला, तर त्या मुलींना न्यायालयाचा निकाल कधीच मिळत नाही. आणि टाळ्यांनी दिलेला अधिकार पोलीस उद्या रमाबाई नगरात वापरतात. अंगुलिमालाने किती माणसे मारली होती, हे तुम्ही ऐकले आहे. राजा प्रसेनजित घोडेस्वार घेऊन त्याच्यावर निघाला होता. तथागतांनी त्याच्या अपराधांवर पांघरूण घातले नाही. परंतु तो मारण्यास योग्य आहे, असेही म्हटले नाही. ज्याचा आपल्याला तिटकारा येतो त्याच्याही बाबतीत नियम पाळला जातो, तेव्हाच तो नियम ठरतो.

मग आपण काय करावे? माणूस पकडला गेला, तर वेळ, जागा, गाडीचा क्रमांक आणि साक्षीदारांची नावे त्याच दिवशी लिहून काढा. पोलीस अधीक्षक, दंडाधिकारी आणि राज्य मानवी हक्क आयोग यांना अर्ज पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद २०१४ पासून कायद्यात आहे, तेथेही दाद मागा. दंडाधिकाऱ्याच्या चौकशीची सूचना वर्तमानपत्रात निघाली, तर साक्ष देण्यास जा. कोणीच न आल्यास कागद एकाच बाजूचा राहतो. आणि मोर्चात दगड उचलू नका. तुमच्या हातातील दगड हाच उद्या गरजेचा पुरावा म्हणून मांडला जातो.

बंधूंनो, जुन्या गावगाड्यात कोणी मेले की त्याचा सांगावा घेऊन गावोगाव पळणे, हे आपल्या वाडवडिलांच्या माथी मारलेले काम होते. मृत्यू का झाला, हे विचारण्याचा अधिकार त्यांना नव्हता; निरोप पोचवावा आणि परत यावे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना दीक्षा दिली, तेव्हा ते ओझे खाली उतरले. ज्या बौद्धाला आपला शेजारी कसा मेला हे विचारण्याची हिंमत होत नाही, त्याने धर्म बदलला असेल, परंतु जुने काम अद्याप सोडलेले नाही. आपण आता सांगावा नेणारे नाही. आपण कारण विचारणारे नागरिक आहोत, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहणे हे आपले शील आहे.

जय भीम.